एकबी चुकलं न्हाय

पडद्यावरच्या म्हाताऱ्या जादूगारानं डोळ्यांवर काळी पट्टी बांधली आणि थेटर हसायला लागलं. अजून तो काही बोललासुद्धा नव्हता.

नबीलाल मधल्या रांगेत बसले होते, शेजारी रुद्राप्पा. तीस वर्षं नबीलालनी पट्टी बांधली होती आणि रुद्राप्पानं लोकांत फिरून एकेक वस्तू वर धरली होती. आज त्यांच्या खेळावरचा सिनेमा लागला होता. दुपारच्या शोचे दोन पास सिनेमावाल्यांनी रुद्राप्पाकडं दिले होते. नबीलालनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. रुद्राप्पा खेळातला काळा कोट घालून आला होता. रिक्षात चढताना त्या कोटात काहीतरी खुळखुळलं.

"काय रं त्ये?"

"चिल्लर हाय, उस्ताद."

पडद्यावरच्या सहायकानं एका बाईच्या हातातली वस्तू घेतली. "लवकर सांगा उस्ताद, काय हाय माझ्या हातात?"

"किल्ली," अंधारात नबीलाल पुटपुटले. पडद्यावरचा म्हातारा त्यांच्यानंतर म्हणाला, "किल्ली."

'लवकर सांगा' म्हणजे किल्ली. 'सांगा बघू' म्हणजे घड्याळ. 'बोला' म्हणजे चष्मा. प्रश्नातच उत्तर लपवायची ही बोली त्यांनी रात्रंदिवस खपून बांधली होती. ती कुणाला द्यायची नाही म्हणून वाडीला नदीच्या घाटावर, गुडघाभर पाण्यात उभं राहून दोघांनी शब्द दिला होता. शपथेला रुद्राप्पानं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं होतं.

"तू सांगितलास त्यास्नी?"

रुद्राप्पा पडद्याकडंच बघत राहिला. "फुडं बघा की, उस्ताद. फुडं चांगलं हाय."

पुढं सहायकानं कुणाचा तरी चष्मा उचलला. "बोला उस्ताद!"

म्हाताऱ्यानं कपाळाला बोट लावलं. मोठ्या थाटात म्हणाला, "घड्याळ!"

सहायकानं चष्मा झटकन ज्याचा त्याला दिला, कोटातून एक घड्याळ काढलं आणि उंच धरलं. "अगदी बरोबर! घड्याळ!" मग ओठांवर बोट ठेवून लोकांकडं बघून डोळा मिचकावला. पडद्यावरची माणसं टाळ्या वाजवू लागली. थेटरातली पोट धरून हसू लागली. पुढं किल्लीचा रुमाल झाला, रुमालाचा कंगवा झाला. कोटाला आतून आठ खिसे होते. सहायकानं कोट उघडला की मागच्या रांगेतून शिट्टी यायची.

असलं काही झालं नव्हतं. सिनेमावाले काहीही घालतात. नबीलालनी स्वतःची अशी समजूत घातली आणि ते तसेच बसून राहिले.

पडद्यावरचा खेळ संपला. रंगपटाचं दार लावून म्हातारा पट्टी सोडत होता. "किती चुकलं रं आज?"

"एकबी चुकलं न्हाय, उस्ताद."

इतकं मोठं हसू त्या दुपारी दुसऱ्या कशालाच आलं नाही.

हे बोलणं दाराआडचं होतं. रोज खेळ सुटल्यावर, नबीलाल आणि रुद्राप्पा दोघंच असताना व्हायचं. तिसरं माणूस तिथं कधीच नव्हतं.

नबीलाल उठले. लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर आले.

बाहेर चहाचा कप धरून एक मनुष्य उभा होता. त्यानं नबीलालना निरखून पाहिलं आणि पुढं आला. "उस्ताद न्हवं तुमी? आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीत गणपतीला तुमचा खेळ झालता. माझाच चष्मा उचललाता ह्यांनी." त्यानं मागून येणाऱ्या रुद्राप्पाकडं बोट केलं. "तुमी घड्याळ म्हणालासा. समद्यास्नी कळलं, पर कोण बोललं न्हाय बघा. वयस्कर माणूस हाय, म्हटलं वाजवा टाळ्या. लई वाजवल्या."

"व्हय," नबीलाल म्हणाले. "लई वाजल्या."

त्या टाळ्या त्यांच्या चांगल्या ध्यानात होत्या. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला, रोशनबीला, त्यांनी सांगितलं होतं, हात-पाय थकले, पण खेळ अजून थकला नाही.

तो मनुष्य कप ठेवून आत गेला. रुद्राप्पा जवळ आला. त्याच्या हातात नबीलालची काठी होती, खुर्चीपाशी राहिलेली.

"उस्ताद, मी मायेची गोष्ट म्हणून सांगितलीती. त्येची असली कॉमेडी करतील म्हणून मला काय म्हायत?"

"मला का न्हाय सांगितलास?"

"सिनेमाचं?"

"चुकतंय म्हणून."

रुद्राप्पानं खाली बघितलं. "तुमी खेळ सोडला असता."

"सोडला असता की! माझा खेळ हुता, मी सोडला असता."

आतून पुन्हा हसण्याचा लोट आला. दार लागलं तसा तो विरला.

"विच्यार," नबीलाल म्हणाले.

"काय विच्यारू?"

"खेळात विच्यारतूस तसं. विच्यार."

"ऱ्हाऊ द्या की, उस्ताद. चला घरला."

"विच्यार म्हंतोय न्हवं!"

रुद्राप्पानं उजव्या हातातली काठी हळूहळू वर धरली. तीस वर्षांची सवय. प्रश्न बरोबर काठीचाच आला. "विच्यार करून सांगा उस्ताद, काय हाय माझ्या हातात?"

नबीलालच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती. त्यांनी आपल्या काठीकडं वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"घड्याळ," ते म्हणाले.

रुद्राप्पाचा डावा हात आपसूक कोटाच्या खिशात गेला.