उतारावरचं बटण

“साहेब, भरलेला डंपर उतारावर असला की गिअरबॉक्सचं लॉक आपोआप सुटतं. मग इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. लॉक हाताने लावायला एक बटण बसवून द्या ना,” डंपर चालवणारी रजनी आत्राम म्हणाली.

“भीती वाटत असेल तर ऑफिसात बसून फायली लाव,” फोरमन लोणारे म्हणाले आणि सगळं वर्कशॉप हसलं.

आठवड्याने तोच डंपर तपासायला लोणारे स्वतः टेकडीवरच्या खाणीतून दगड भरून निघाले. अर्ध्या उतारावर लॉक सुटलं, गाडी सैल धावू लागली, ब्रेकमधून धूर आला. कशीबशी त्यांनी ती कडेच्या मातीच्या ढिगात घातली. त्याच दुपारी त्यांनी वायर ओढून स्टिअरिंगजवळ बटण बसवलं. कल्पना कुणाची, हे मात्र मॅनेजरांना सांगितलं नाही.

सुरक्षा दिनाला मॅनेजरांनी त्या बटणासाठी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. समोर बसलेली रजनी मनापासून टाळ्या वाजवत होती. लोणाऱ्यांना तिच्याकडे बघवेना. माइकवर ते नुसतं “धन्यवाद” म्हणाले.

कार्यक्रमानंतर ते तिच्या डंपरपाशी गेले. “ही शाल तुमची आहे, आत्राम बाई. मी मघाशीच बोलायला हवं होतं.”

“शाल राहू द्या, साहेब. बाकीच्या सहा गाड्या अजून तशाच उतरतायत.”

लोणाऱ्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.