ओठांवरची निळी छटा

"मृदुला, ओठ तेवढे नीट कर. पण रंगवल्यासारखे दिसायला नकोत," दाजी परब तिच्या माडीवरच्या फोटो स्टुडिओत बसून म्हणाले. सव्वीस वर्षं ते आंबोली घाटात बस चालवत होते. आता परवान्याच्या नूतनीकरणासाठी फोटो पाठवायचा होता, आणि परवाना कार्यालयातलं यंत्र फोटोतल्या चेहऱ्यावरून हृदयाचा आजार ओळखायचं. गेल्या महिन्यात दोन ड्रायव्हर असेच घरी बसले होते.

यंत्र फसेल असं रिटचिंग सावंतवाडीत फक्त मृदुलाला जमायचं. तिने ओठांवरची निळसर छटा हळूहळू उतरवली, डोळ्यांखालची सूज अर्धीच कमी केली, सुरकुत्यांना हातही लावला नाही. फोटो अगदी खरा वाटत होता.

"घाटात दम लागतो का, दाजी?"

"दम लागायला मी काय चालत जातो?" ते हसले, पण हसताना त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

मृदुलाचं बोट थांबलं. सकाळच्या फेरीला पन्नास माणसं असायची. तिने मूळ फोटो निवडला आणि पाठवून दिला.

अर्ध्या मिनिटात पडद्यावर लाल अक्षरं आली: रुग्णाला हलवू नका, रुग्णवाहिका निघाली आहे.

"काय केलंस हे! माझ्या पोटावर पाय दिलास!" दाजी ताडकन उठून जिन्याकडे निघाले. मृदुला आडवी आली.

"शिव्या द्या, पण बसून द्या."

तिला बाजूला सारायला त्यांनी हात उचलला, आणि तोच हात छातीवर दाबून धरला. तिने त्यांना सावरून खाली बसवलं. रस्त्यावर भोंगा ऐकू येऊ लागला.

"आत्ता मी घाटात असतो तर..." दाजी पुटपुटले. तिचा हात त्यांनी सोडला नाही.