पस्तीसच्या आत

पलीकडच्या खोलीत तिघंच होते: खाट, ऑक्सिजनचं मशीन आणि बाबा. अलीकडची खोली तिला पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने द्यायची होती. नगरपालिकेत त्या खोलीची नोंदणी झाली नाही, तर पाहुण्यांची आगाऊ रक्कम मिळणार नव्हती आणि भाडं थकलेलं बाबांचं मशीन उद्याच परत जाणार होतं.

निरीक्षकाने आवाज मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं. "एकेचाळीस डेसिबल. पस्तीसच्या वर नोंदणी होत नाही, ताई. ही घरघर कसली?"

"एक मशीन आहे. बंद करते."

"करा. मग सलग पाच मिनिटं मोजतो."

ती पलीकडे गेली, पण हात बटणापर्यंत जाईना. बाबांनी भिंतीतून सगळं ऐकलं होतं.

"कर गं बंद," ते धापा टाकत म्हणाले. "तुझी आई बोलायला लागली की मी तास तास श्वास रोखून बसायचो. पाच मिनिटांचं काय घेऊन बसलीस?"

तिने बटण दाबलं आणि निरीक्षकाशेजारी येऊन उभी राहिली. भिंतीतून आता फक्त बाबांचा श्वास ऐकू येत होता.

चार मिनिटं आकडा तेहतीसवर होता. पाचव्या मिनिटाला तो सव्वीसवर आला.