मामाकडची पिवळी साडी

नूपुरच्या पत्राला चारुदत्तांनी दीड महिना उत्तर दिलं नव्हतं. मामा फोनवर बुजतो हे भाचीला ठाऊक होतं, म्हणून तिने मुद्दाम पत्र लिहिलं होतं. लग्नातली अष्टपुत्री, मामाकडून येते ती पिवळी साडी, विकतची नको. आईची तिच्या मामांनी घरी हळदीत रंगवली होती, तशी हवी. आणि बोहल्यापर्यंत तूच न्यायचंस. जमणार नसेल तर तेही कळव, म्हणजे काकांना विचारता येईल.

लग्न अठरा दिवसांवर आलं होतं. बंगालमध्ये, बेहालातल्या चारुदत्तांच्या बाल्कनीत पांढरी सुती नऊवारी हळदीच्या पातेल्यातून बाहेर निघाली, ती जागोजागी विटेसारखी तांबडी होऊन.

"काय केलंत?" त्यांच्या बायकोने, वृंदाने विचारलं.

रंग पक्का बसावा म्हणून कापड आधी धुण्याच्या सोड्यात उकळायचं, असं पुस्तकात होतं. तीन पुस्तकांत होतं. मग खळखळून धुवायचं, हे नव्हतं का, असं वृंदाने विचारलं. तेही होतं. पण नळ गेला, म्हणून त्यांनी साडी एकदाच पाण्यातून काढली आणि पुढचं पान वाचत बसले.

समोरच्या बाल्कनीतून दासकाकींनी सांगितलं की नवरी बंगाली, लाल नेसणारी असती तर हा लाल खपून गेला असता. वृंदाला हसू आलं नाही.

चारुदत्त ओल्या साडीकडे बघत राहिले. "काकांनाच विचारू दे तिला," ते हळूच म्हणाले. "एक साडी धड होत नाही माझ्याच्याने. तिथे चारचौघांत मी काय..."

वृंदा आत गेली, तीन लिंबं चिरून घेऊन आली. एक फोड डागावर पिळली. तांबडं बघता बघता पिवळं झालं.

"हळदीला सोडा लागला की ती लालच होते. कुंकू कशाचं करतात ते नव्हतं वाटतं पुस्तकांत."

सगळेच डाग जातील का, एखादा राहिला तर, असं त्यांनी विचारलं. वृंदाने उरलेली लिंबं त्यांच्या हातात कोंबली.

"अहो, डाग आहे का असं तिने विचारलेलंच नाही. तुम्ही येताय का, असं विचारलंय."

ते बराच वेळ लिंबं चोळत बसले. मग हात तसेच लुंगीला पुसून टेबलाशी गेले. कच्चं न लिहिता चार ओळी लिहिल्या, आणि त्या परत वाचायच्या आत वृंदाने पाकीट चिकटवलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत ती बरोबर गेली. एकटे गेले असते तर पाकीट घरी परत आलं असतं. चारुदत्तांनी ते आत सोडलं आणि वाकून फटीत बघितलं.

"'नक्की' लिहिलं का गं मी? की नुसतंच 'येतो'?"

"लिहिलंत," वृंदा म्हणाली. "आणि ही पेटी आपल्याला उघडता येत नाही. चला."