खरे फटके

गोल्फच्या शेवटच्या होलमधून चेंडू उचलताना कर्नलसाहेबांचा हात थरथरत होता. मी त्यांचे एकशे तीन फटके मोजले होते. कार्डावर नव्वद लिहिले.

वर्षभर मी हेच करत होतो. आम्हा दोघांतली हारजीत प्रत्येक होलवर तिथल्या तिथे ठरायची; कार्ड फक्त क्लबच्या नोंदीसाठी असायचं. खरे फटके लिहिले असते, तर दर खेळानंतर त्यांचा हँडिकॅप, म्हणजे खेळ किती कच्चा ते सांगणारा आकडा, चढत गेला असता आणि त्यांचा आजार अख्ख्या क्लबने नोटीस बोर्डावर वाचला असता.

सहीसाठी कार्ड आणि पेन पुढे केलं. त्यांनी नव्वदच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"सबनीस, हँडिकॅप चढला की सवलतीचे फटके वाढतात. ते तू मला मिळूच दिले नाहीस. म्हणून वर्षभर मी तुझ्याकडून हरतोय."

त्यांनी पेन माझ्या हातात परत दिलं.

"खरं लिही. हात चालतोय तोवर एकदा तुला हरवायचंय."