चारही शाबूत

चौथी काच भिंतीवर बसवून मिस्त्री शिडीवरून उतरला आणि म्हणाला, "आता तीन महिने हिला कुणी हात लावायचा नाही. पुसायचीसुद्धा नाही."

घराला चार भेगा होत्या, म्हणून चार काचा. जिन्याजवळ, स्वयंपाकघरात, मधल्या खोलीत आणि पुढच्या दाराच्या माथ्यावर. भेगेवर आडवी बोटभर काचपट्टी, दोन्ही टोकांना प्लास्टर, त्यावर खिळ्याने कोरलेली तारीख. भिंत केसभर हलली तरी काच तडकणार.

वस्ती जुनी, सरकारदरबारी जपायची म्हणून नोंदलेली. दर्शनी भिंत तशीच ठेवायची, वरचा मजला मागे सरकवून बांधायचा, रस्त्यावरून तो दिसता कामा नये, हे सगळं काटेसाहेबांनी कबूल केलं होतं. कार्यालयाची शेवटची अट ही काचांची. चारही टिकल्या तर परवानगी. एक जरी तडकली, अगदी बांधकाम चालू असताना, तरी विषय संपला.

काटेसाहेब हे नाव गल्लीने ठेवलेलं. तीस वर्षं ते दुकानोदुकानी तराजू तपासत हिंडले होते. पाच ग्रॅमच्या फरकावरून त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता.

मजला मुलासाठी हवा होता. सूनबाईला तिसरा महिना लागला होता.

"बाबा, एका खोलीत आम्ही तिघं नाही मावणार," मुलाने सांगितलं होतं. "वर खोली झाली तर राहू. नाहीतर दुसऱ्या शहरातली नोकरी घेतो."

"धमकी देतोस?"

"मुदत देतोय."

बायको त्या रात्री जेवली नव्हती. दुसऱ्याच दिवशी काटेसाहेबांनी मिस्त्रीला बोलावलं होतं.

काचा लावून आठवडा झाला नाही तोच मिस्त्रीची पाठ धरली. ऑपरेशन ठरलं. पुढचं काम ओळखीच्या टोळीवर सोपवून तो गावी गेला.

काटेसाहेब रोज सकाळी टॉर्च घेऊन चारही भिंती बघत आणि वहीत लिहीत, 'चारही शाबूत.' मग दाढी.

एकेचाळिसाव्या सकाळी जिन्याजवळची काच मधोमध तडकलेली दिसली.

काटेसाहेबांनी टॉर्च आणखी जवळ नेऊन बघितलं. रस्त्यावरून ट्रक गेला असेल. कुणी दार आपटलं असेल. दुकानदार असंच म्हणायचे, 'साहेब, काट्याला वारा लागला.' तेव्हा ते हसायचे. आज त्यांना वारा पटला. शिवाय तीन काचा शाबूत होत्याच. चारांतल्या तिघी एक सांगत असताना एकीचं काय मनावर घ्यायचं?

निवृत्तीच्या प्रशस्तिपत्राची काच त्यांनी फ्रेममधून काढली, पट्टी कापली, बसवली, जुनी तारीख कोरली. वहीत लिहिलं, 'चारही शाबूत.'

"नखांत काय पांढरं?" बायकोने विचारलं.

"भिंतीचा चुना."

"साबणाने नाही जायचं ते. लिंबू घासा." एवढं बोलून ती कणीक मळायला लागली.

त्या दिवसापासून त्यांना घरातल्या प्रत्येकाच्या नजरेची धास्ती वाटायला लागली. आठाशिवाय न उठणारा मुलगा आता त्यांच्याआधी उठून मधल्या खोलीत पेपर वाचत बसलेला असे. "इथली बघितली मी, बाबा. तुम्ही कशाला वाकता?" सूनबाई एकदा पुढच्या दाराशी स्टुलावर चढलेली दिसली.

"अगं, या दिवसांत! उतर आधी!"

"जळमट होतं, बाबा. काढलं."

पोरं किती जीव लावतात घराला, असं वाटून त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन महिने भरल्यावर कार्यालयातल्या इंजिनिअरबाई आल्या, भिंग लावून चारही काचा बघितल्या, वही चाळली. "इतकी शिस्तीची नोंद मी कुठेच बघितली नाही," म्हणाल्या आणि सही करून गेल्या.

मजला चढायला लागला. जिन्याजवळची काच हट्टी निघाली, विटा चढत होत्या तशी आणखी दोनदा बदलावी लागली. बाकीच्या तिघींचं मात्र हूं की चूं नाही. काटेसाहेब रोज त्यांच्याकडे बघून मनातल्या मनात हात जोडत. त्या होत्या म्हणून रात्री डोळ्याला डोळा लागत होता.

स्लॅब टाकून झाला, वर पाण्याची टाकी बसली, मुलाने दुसऱ्या नोकरीला नकार कळवला आणि नात झाली.

तिला बघायला सगळे नातेवाईक जमले त्या दुपारी मिस्त्री काठी टेकत आला. वर तीसेक माणसं होती. खुर्च्या सरकत होत्या, हशा उठत होता.

"चला वर, नात बघा."

"पाठीमुळे जिना नाही चढवत, साहेब. इथेच बसतो."

पण तो बसला नाही. चष्मा लावून एकेका काचेपुढे थांबत खालचं सगळं घर फिरून आला. मग कपाळाचा घाम पुसत खुर्चीत टेकला. काटेसाहेबांनी पुढे केलेल्या चहावर छतातून बारीक धूळ उतरली. वर कुणीतरी पोरांना नाचवत होतं.

काटेसाहेबांना राहवेना. तीस वर्षांत ज्याच्या त्याच्याकडून वदवून घेतलं, ते आज त्यांच्याच तोंडून निघालं.

"मिस्त्री, चोरी कबूल करतो. जिन्याजवळची तडकली होती. मी बदलली. तेवढी एकच. बाकीच्या तिघी धड होत्या, म्हणून धीर झाला."

मिस्त्रीने कप खाली ठेवला आणि छताकडे बघितलं.

"ती ओळखली मी, साहेब. बाकीच्या तीन कुणी बदलल्या?"