निकामी वाळू

"पारबताबाई, फिल्टरमधली वाळू निकामी झाली. पाण्यात पुन्हा आर्सेनिक उतरतंय," तपासायला आलेल्या साहेबांनी पट्टी उन्हात धरून सांगितलं. "नवी यायला तीन महिने लागतील."

हातपंपाचा तो फिल्टर पारबता चार वर्षं दर आठवड्याला धूत होती. आर्सेनिकच्या पाण्याने तळहातांवर डाग उठलेल्या गावाला तिनेच हे पाणी प्यायला राजी केलं होतं.

तिने पंपाचा दांडा दोरीने बांधला आणि दमल्या पायांनी 'भरलेलं पाणी ओतून द्या' असं सांगत घरोघरी फिरली.

शेवटच्या घरी म्हातारी कौतिका भरली घागर धरून बसली. "तूनंच तं म्हटलं होतं, बिनघोर प्या म्हणून!"

"मीच म्हटलं होतं, मावशी." पारबता उंबऱ्यावर टेकली. "म्हणून सांगालेबी मीच आली."

म्हातारीने घागर ओतून दिली आणि कळशी उचलली. "चाल, पलीकडच्या गावचं आणू."